पहिल्या अंकाचा सट्टा: नव्वदच्या दशकात अमेरिकन कॉमिक्सचा बाजार कसा फुगला आणि कसा बसला

एक्स-मेनचा १९९१ सालचा पहिला अंक आज कुणाला हवा असेल तर फार शोधाशोध करावी लागत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक कॉमिकच्या दुकानांत जुन्या अंकांच्या खोक्यात तो चार-दोन डॉलरला पडून असतो, तोही कोरा करकरीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, मागे पुठ्ठा लावून ठेवलेला. आणि १९३८ साली आलेला अ‍ॅक्शन कॉमिक्सचा पहिला अंक, ज्यात सुपरमॅन पहिल्यांदा दिसला आणि ज्याची छापील किंमत होती दहा सेंट, त्याची एक उत्तम अवस्थेतली प्रत २०२४ मध्ये लिलावात ६० लाख डॉलरला गेली. दोन्ही पहिलेच अंक, दोन्ही सुपरहिरोंचेच. मग फरक कुठे पडला? तो जुना आहे म्हणून, असं म्हणाल तर ते अर्धंच उत्तर झालं, कारण १९३८ ची ढीगभर मासिकं आज रद्दीच्या भावातसुद्धा कुणी उचलत नाही.

खरं कारण हे की त्या अंकाच्या छापल्या होत्या साधारण दोन लाख प्रती आणि आज उरल्यात शंभरेक, असा जाणकारांचा अंदाज आहे. बाकीच्या गेल्या कुठे? तर वापरल्या गेल्या. स्वस्त कागद, पोरांनी वाचायचं, पँटच्या मागच्या खिशात गुंडाळून कोंबायचं, मित्राला अदलाबदलीत द्यायचं, मग एक दिवस आई खोली आवरायला घ्यायची की संपलं. दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करायच्या मोहिमा निघाल्या तेव्हा पोरांनीच देशासाठी म्हणून गठ्ठेच्या गठ्ठे नेऊन दिले. पुढे फ्रेड्रिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९५४ मध्ये कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं पुस्तकच लिहिलं, अमेरिकन सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या, आणि त्याआधीच काही गावांत कॉमिक्सच्या होळ्यासुद्धा पेटल्या होत्या. म्हणजे ही वस्तू कुणी जपून ठेवावी असं कुणालाच वाटत नव्हतं. नंतर तीच पोरं मोठी झाली, नोकरीला लागली, हातात पैसा आला आणि लहानपणचा तो अंक परत हवासा वाटायला लागला, तेव्हा घेणारे भरपूर आणि माल शंभर प्रती. एवढंच आहे ते गणित. जपून न ठेवलेल्या वस्तूला नंतर भाव आला, हे वाक्य जरा डोक्यात राहू द्या कारण पुढचा सगळा गोंधळ हे उलटं वाचल्यामुळे झालाय.

साठच्या दशकात हौशी लोक एकमेकांना पत्रं लिहून, छोटी छोटी संमेलनं भरवून अंकांची देवाणघेवाण करत होते, पण भाव काय धरायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं. १९७० मध्ये रॉबर्ट ओव्हरस्ट्रीटने कॉमिक्सच्या किमतींचं मार्गदर्शक पुस्तक काढलं आणि पहिल्यांदा प्रत्येक अंकापुढे छापील आकडा आला, अवस्थेप्रमाणे वेगळा. त्याचा उपयोग झाला यात वाद नाही. पण छापील आकड्याची एक गंमत असते, तो दिसला की लोकांना वाटतं आपल्या खोक्यात तेवढे पैसे आहेत. तो आकडा म्हणजे दुकानदार गिऱ्हाइकाकडून मागेल ती किंमत. तुम्ही तोच अंक घेऊन दुकानात विकायला गेलात तर दुकानदार त्याच्या निम्मेसुद्धा देत नाही, बऱ्याचदा पाव हिस्सा देतो, आणि त्याच्याकडे त्याच अंकाच्या वीस प्रती आधीच असतील तर नको म्हणतो. त्याचंही बरोबर आहे, त्याला भाडं आहे, वीज आहे, आणि ती प्रत विकायला पाच वर्षं लागतील का पंधरा हे त्यालाही माहीत नसतं. घ्यायचा भाव आणि द्यायचा भाव यातलं हे अंतर नवशिक्यांना कुणी सांगत नाही आणि सट्ट्यात बुडालेल्यांपैकी बहुतेक जण नेमके या खड्ड्यात पडले.

आता थोडं विक्रीच्या पद्धतीकडे वळू, कारण माझ्या मते खरी गोम तिथेच आहे आणि बहुतेक लोक ती सोडून चकचकीत कव्हरांबद्दलच बोलतात.

पूर्वी कॉमिक्स मिळायची औषधाच्या दुकानात, वाण्याकडे, पेपर स्टॉलवर. न खपलेले अंक परत जायचे, म्हणजे अंक नाही, नुसतं कव्हर फाडून परत पाठवायचं आणि पैसे वळते करून घ्यायचे. दुकानदाराला जोखीम नाही, प्रकाशकाला मात्र छापलेल्यातला मोठा भाग वाया. सत्तरच्या दशकात फिल सूलिंग नावाच्या न्यूयॉर्कच्या एका संमेलन भरवणाऱ्या माणसाने प्रकाशकांशी वेगळा सौदा केला: आम्हाला सवलत जास्त द्या, माल आधी द्या, आणि आम्ही उरलेला परत करणार नाही. ह्यातून फक्त कॉमिक्स विकणारी दुकानं उभी राहिली आणि त्यांच्या जोरावर धंदा टिकला, हे मान्यच करायला हवं. पण जोखीम कुठून कुठे गेली बघा. प्रकाशकाच्या डोक्यावरून उतरली आणि कोपऱ्यावरच्या एकट्या दुकानदाराच्या डोक्यावर जाऊन बसली, आणि त्याला ऑर्डर द्यायची ती दोन-तीन महिने आधी, कॅटलॉगमधली चार ओळींची जाहिरात वाचून, अंक डोळ्यांनी न बघता.

आणखी एक, जे नीट समजून घेतलं नाही तर नव्वदचे आकडे वाचताना माणूस चकतो. या पद्धतीत "अमुक लाख प्रती विकल्या" म्हणजे प्रकाशकाने दुकानांना विकल्या. वाचकाने घेतल्या की नाही याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही. माल दुकानाच्या मागच्या खोलीत बंद खोक्यात पडलेला असला तरी प्रकाशकाच्या हिशेबात तो विकला गेलेलाच असतो.

मोठ्या फुग्याच्या आधी एक छोटा फुगा येऊन गेला होता. १९८४ मध्ये केविन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड या दोन पोरांनी स्वतःच्या खर्चाने टीनएज म्युटंट निंजा टर्टल्सचा पहिला अंक काढला, कृष्णधवल, तीनेक हजार प्रती. तो हातोहात गेला आणि जुन्या प्रतीचा भाव भराभर चढला. मग काय, १९८६ च्या सुमारास जो तो कृष्णधवल कॉमिक काढायला लागला, अ‍ॅडोलेसंट रेडिओअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक बेल्ट हॅम्स्टर्स असल्या नावाचं कॉमिकसुद्धा आलं (गंमत नाही, खरंच आलं) आणि दुकानदारांनी पुढचं टर्टल्स हेच असेल तर, या आशेवर सगळंच थोडं थोडं भरून ठेवलं. वर्षभरात ते सगळं अंगावर आलं, काही दुकानं आणि काही छोटे वितरक त्यात गेले. धडा समोर होता. पण चारच वर्षांत तोच प्रकार रंगीत छपाईत आणि शंभरपट मोठा झाला.

१९८९ मध्ये बॅटमॅनचा सिनेमा आला, दुकानांत नवं गिऱ्हाईक यायला लागलं. अ‍ॅक्शन कॉमिक्सचे, डिटेक्टिव्ह कॉमिक्सचे जुने अंक हजारो डॉलरला विकल्याच्या बातम्या पेपरात येत होत्या आणि त्या बातम्यांचा सूर असा की बघा, माळ्यावर खजिना सापडला. त्याच वर्षी रॉन पेरेलमन या उद्योगपतीने मार्व्हल कंपनी ८ कोटी २५ लाख डॉलरला घेतली आणि जुलै १९९१ मध्ये तिचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आणले. शेअर बाजारातल्या कंपनीला दर तिमाहीला वाढ दाखवावी लागते, आणि वाचक काय दर तिमाहीला वाढत नाहीत. मग एकाच वाचकाला जास्त प्रती विकायच्या, हाच रस्ता उरतो.

१९९० मध्ये टॉड मॅकफार्लेनचा स्पायडर-मॅन क्र. १ आला. कव्हर तेच, पण एक साधं, एक चंदेरी, काही प्रती पिशवीत सीलबंद. खप २५ लाखांच्या आसपास. पुढच्या वर्षी रॉब लायफेल्डचा एक्स-फोर्स क्र. १, हा सीलबंद पिशवीत आणि आत एक कार्ड, पोरं गोळा करतात तसलं चित्राचं, पण कार्डं पाच प्रकारची. आता बघा हं, पाचही कार्डं हवीत तर पाच प्रती घ्यायला लागणार, पिशवी फोडली की भाव उतरणार म्हणून त्या फोडायच्या नाहीत, आणि गोष्ट वाचायची असेल तर सहावी प्रत घ्यायची. एक वाचक, सहा प्रती. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला धंदा कळत होता हे खरं, पण पुढच्या वर्षी हा माणूस सात प्रती घेईल का हा प्रश्न त्याला पडला नाही.

आणि मग १९९१ च्या उत्तरार्धात आला एक्स-मेन क्र. १, लेखन ख्रिस क्लेअरमाँटचं, चित्रं जिम लीची. कव्हरं पाच. पहिली चार दीड-दीड डॉलरची, चारही शेजारी शेजारी ठेवली की एक लांबलचक चित्र तयार होतं, आणि पाचवी प्रत ३ डॉलर ९५ सेंटची, तिच्यात ते अख्खं चित्र उलगडणाऱ्या कव्हरवर छापलेलं. आत गोष्ट पाचही प्रतींत एकच. सगळी घेतली तर बिल ९ डॉलर ९५ सेंट. एकूण ऑर्डर गेली ८१ लाखांच्या वर, तो विक्रम आजही गिनेस बुकात आहे. एक्स-मेनचे महिन्याचे नेहमीचे वाचक तेव्हा होते काही लाख. म्हणजे जगातल्या प्रत्येक चाहत्याने पाच-पाच प्रती घेतल्या असत्या तरी ढिगाने उरणार होत्या, आणि तशा उरल्याही. दुकानदारांनीच खोकीच्या खोकी बाजूला काढून ठेवली, दहा वर्षांनी पोराच्या कॉलेजची फी यातून निघेल म्हणून.

आपल्याकडे कांद्याला भाव आला की पुढच्या हंगामात सगळे कांदाच लावतात आणि मग तो रस्त्यावर ओतायची पाळी येते, तसंच हे, फक्त कांदा निदान खाल्ला तरी जातो. इथे माल संपतच नव्हता. प्रत्येक जण प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, आम्लरहित पुठ्ठा लावून, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवत होता, त्यामुळे १९३८ च्या प्रती ज्या कारणाने दुर्मिळ झाल्या ते कारणच उरलं नाही.

१९९२ मध्ये मॅकफार्लेन, लायफेल्ड, जिम ली वगैरे सात लोकप्रिय चित्रकार मार्व्हल सोडून बाहेर पडले आणि त्यांनी इमेज कॉमिक्स काढलं. कलाकाराला स्वतःच्या पात्राचा हक्क मिळायला हवा ही त्यांची मागणी रास्तच होती, स्पॉनच्या पहिल्या अंकाच्या सतरा लाख प्रती गेल्या. पण ही मंडळी अंक वेळेवर देईनात. वाचकाला त्याचं काय, वाट बघायची. दुकानदाराचं मात्र तसं नाही, त्याने तापलेल्या बाजारात ऑर्डर लावलेली असते, अंक येतो चार-सहा महिन्यांनी, तोपर्यंत गिऱ्हाईक थंड झालेलं, आणि माल परत जात नाही. इमेज आणि व्हॅलियंट या दोन कंपन्यांनी मिळून १९९३ मध्ये डेथमेट नावाची मालिका काढली तेव्हा हेच झालं, व्हॅलियंटचे अंक वेळेत, इमेजच्या वाट्याचे रखडत रखडत, आणि दुकानदारांनी दोन्हींना घसघशीत ऑर्डर देऊन ठेवलेल्या.

या सगळ्याचं टोक म्हणजे सुपरमॅन क्र. ७५. तारीख १८ नोव्हेंबर १९९२. डूम्सडे नावाचा राक्षस सुपरमॅनला मारतो तो अंक. त्याची खास आवृत्ती अडीच डॉलरची, काळ्या सीलबंद पिशवीत, पिशवीवर रक्त गळणारा सुपरमॅनचा एस. आत अंकाबरोबर दंडाला बांधायची काळी पट्टी, पोस्टर, टपाल तिकिटासारखी तिकिटं, एक कार्ड आणि डेली प्लॅनेट या काल्पनिक वर्तमानपत्राची मृत्युलेखाची घडी. साधी आवृत्ती सव्वा डॉलरला. टीव्हीवर बातम्या झाल्या, दुकानांबाहेर रांगा लागल्या, रांगेत उभ्या असलेल्या कित्येकांनी आयुष्यात कॉमिक वाचलेलं नव्हतं, त्यांना वाटत होतं सुपरमॅन खरंच संपला आणि हा त्याचा शेवटचा अंक, म्हणजे उद्या सोनं. ज्यांना कॉमिक्स माहीत होती ते हसत होते, कारण या दुनियेत कुणी कायमचा मरत नाही. (मूळ बेत तर लग्नाचा होता. क्लार्क, म्हणजे सुपरमॅनच, आणि त्याची प्रेयसी लोइस यांचं लग्न लावायचं ठरलेलं, पण टीव्ही मालिका येणार होती, तिच्याशी जुळवून घ्यायला म्हणून लग्न पुढे ढकललं, मग वर्षभर करायचं काय तर मारून टाकू.) सगळ्या आवृत्त्या मिळून साठ लाखांच्या घरात प्रती गेल्याचं सांगतात. पहिले काही दिवस प्रत मूळ किमतीच्या कितीतरी पटीने जात होती आणि त्या काही दिवसांनीच घात केला, कारण दुकानदारांनी मनाशी ठरवलं की पुढच्या वेळी कमी पडू द्यायचं नाही.

पुढची वेळ आली १९९३ मध्ये, सुपरमॅन परत येण्याच्या कथेची सुरुवात करणारा अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन क्र. ५००, आता पांढऱ्या पिशवीत. दुकानांनी भरभरून ऑर्डर दिल्या. रांगेतली ती मंडळी काही परत आली नाहीत.

हे नुकसान कसं होतं ते एका छोट्या हिशेबाने दाखवतो, आकडे समजण्यापुरते धरलेत. अडीच डॉलरचा अंक दुकानदाराला निम्म्या किमतीत, म्हणजे सव्वा डॉलरला पडतो असं धरू. एरवी तो ३० प्रती मागवतो, साडेसदतीस डॉलर जातात, २८ विकतो, सत्तर येतात, साडेबत्तीस सुटतात. आता हवा गरम आहे म्हणून त्याने १०० मागवल्या. १२५ डॉलर गेले. खप दुपटीहून वाढला, ६० प्रती गेल्या, आले १५०, सुटले फक्त पंचवीस. विक्री दुप्पट आणि नफा कमी, वर ४० प्रती अंगावर. आणि समजा ६० ऐवजी ४५ च गेल्या तर साडेबारा डॉलरचा तोटा. असे महिन्याला वीस-पंचवीस "खास" अंक, सगळे परत न जाणारे, आणि वितरकाचं बिल मात्र वेळेवर. दुकान बंद पडायला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

१९९३ चा टुरॉक: डायनोसॉर हंटर क्र. १ चकाकत्या क्रोमियम कव्हरसकट सतरा लाखांच्या घरात छापला गेला आणि त्याचे गठ्ठे दुकानांत तसेच पडून राहिले. बहुतेक दुकानदारांना पहिला चटका या अंकाने बसला असं म्हणतात. वर्षाच्या अखेरीपासून शटर खाली यायला लागली. अमेरिकेत त्या काळात कॉमिकची दुकानं दहा हजारांच्या आसपास होती असं मानतात, पुढच्या काही वर्षांत त्यातली निम्म्याहून अधिक गेली. सट्टेबाज गेले ते गेलेच, पण त्यांच्याबरोबर ज्या गावातलं एकमेव दुकान बंद पडलं तिथला साधा वाचकही तुटला, त्याला अंक मिळणंच बंद झालं, आणि ह्याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण त्या बिचाऱ्याने कधी दुसरी प्रतसुद्धा घेतली नव्हती.

मार्व्हलने त्यावर उपाय काय केला, तर १९९४ च्या शेवटी हीरोज वर्ल्ड नावाचा वितरक विकत घेतला आणि पुढच्या वर्षीपासून आमचा माल फक्त इथूनच मिळेल असं जाहीर केलं. त्याला ते काम झेपलं नाही. घाबरून सुपरमॅन-बॅटमॅनवाली डीसी, इमेज, डार्क हॉर्स या बाकीच्या प्रकाशकांनी डायमंड या वितरकाशी एकट्याशी करार केले, कॅपिटल सिटी हा दुसरा मोठा वितरक १९९६ मध्ये डायमंडनेच गिळला, १९९७ मध्ये हीरोज वर्ल्ड बंद करून मार्व्हलही तिथेच गेलं. म्हणजे अख्ख्या धंद्याची एकच नळी उरली. (तोच डायमंड जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेला.) मार्व्हलने मधल्या काळात कर्ज काढून कार्डांच्या आणि स्टिकरच्या कंपन्या घेतल्या होत्या, कार्डांचा बाजारही तेव्हाच बसला. १९९३ मध्ये ३५ डॉलरच्या वर असलेला शेअर तीन वर्षांत अडीच डॉलरच्या खाली आला आणि डिसेंबर १९९६ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. टॉय बिझ या खेळण्यांच्या कंपनीबरोबरच्या विलीनीकरणातून ती १९९८ मध्ये बाहेर आली, तिथून पुढे सिनेमांची गोष्ट सुरू होते ती सगळ्यांना माहीत आहे.

मजेची बाब म्हणजे त्या फुग्याच्या काळातले काही अंक आज खरोखर महाग आहेत. फक्त ते कुणी ठरवून ठेवलेले नव्हते. बॅटमॅन अ‍ॅडव्हेंचर्स क्र. १२, १९९३ चा. कार्टून मालिकेवर बेतलेलं मुलांचं कॉमिक, साधं कव्हर, ना चंदेरी ना पिशवी, त्यामुळे सट्टेबाजांनी ढुंकून पाहिलं नाही. मुलांनी वाचलं, फाडलं, चुरगाळलं. पण त्यात हार्ली क्विन, बॅटमॅनच्या गोष्टींतलं पुढे गाजलेलं पात्र, कॉमिकमध्ये पहिल्यांदा येते, आणि आज कोरी प्रत मिळणं अवघड म्हणून भाव शेकड्यांत, उत्तम असेल तर त्याहून वर. २००३ मध्ये आलेला वॉकिंग डेडचा पहिला अंकसुद्धा तसाच, छापल्याच सातेक हजार, कारण कृष्णधवल झोंबी कॉमिकची कुणी मोठी ऑर्डरच दिली नाही.

याला न जुळणारं उदाहरणही सांगायला हवं. न्यू म्युटंट्स क्र. ९८, १९९१ चा, डेडपूलचं पहिलं दर्शन. हा काही दुर्मिळ नाही, तेव्हाच्या मानाने भरपूर छापला होता, तरी सिनेमानंतर भाव जोरात चढला. म्हणजे माल बक्कळ असला तरी मागणी त्याहून मोठी झाली की भाव येतो, फक्त हजारो पात्रांतून कुठलं डेडपूल होणार हे १९९१ मध्ये ओळखणं म्हणजे लॉटरीच, तो अंक काढणाऱ्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

अवस्थेबद्दल थोडं, कारण विकत घेताना सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. कॉमिकच्या घडीवर, म्हणजे स्टेपल मारलेल्या कडेला, बारीक पांढऱ्या रेघा दिसतात, रंग तुटलेला असतो. अशा चार-पाच रेघा म्हणजे वाचलेली प्रत. स्टेपल गंजलाय का, कोपरे गोल झालेत का, पानं पांढरी की तपकिरी हे सगळं बघतात. २००० पासून सीजीसी नावाची कंपनी पैसे घेऊन अंक तपासते, अर्ध्यापासून दहापर्यंत गुण देते आणि कडक पारदर्शक डबीत सील करून देते, तिला स्लॅब म्हणतात. दुरुस्ती केलेल्या, रंग भरलेल्या प्रतीला जांभळं लेबल लागतं आणि तिचा भाव पडतो. स्लॅबमुळे फोटो पाहून दुरून खरेदी करणं सोपं झालं, पण लोक दुसऱ्याच भ्रमात गेले. ९.८ गुण मिळाले म्हणजे दुर्मिळ असं काही नसतं. १९९१ च्या एक्स-मेनला ९.८ मिळालेल्या प्रती हजारांनी आहेत, आणि तपासणीचा खर्च वजा केला तर हातात फारसं काही राहत नाही.

स्लॅब नसलेली जुनी प्रत घेताना एक गोष्ट मात्र पानं उलटूनच बघायची. १९७४ चा इन्क्रेडिबल हल्क क्र. १८१, वुल्व्हरिनचं पहिलं पूर्ण दर्शन. तेव्हा मार्व्हल आतल्या पत्रव्यवहाराच्या पानावर गोळा करायला एक छोटं छापील तिकीट द्यायचं आणि पोरं ते कात्रीने कापून घ्यायची. बाहेरून अंक झकास, आणि आत पानाला चौकोनी भोक. तिकीट असलेल्या आणि नसलेल्या प्रतीत हजारो डॉलरचा फरक पडतो.

आपल्याकडेही याची झलक आहे. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ पासून १९९० पर्यंत इंद्रजाल कॉमिक्स काढली, मराठीतसुद्धा, वेताळ आणि मँड्रेकच्या गोष्टी. ती आज संग्राहक शोधत फिरतात, आणि ती टिकली नाहीत याचं कारण तेच, रद्दी. जी टिकली त्यातली बरीच बाइंडरकडे नेऊन बारा-बारा अंकांचा एक जाड खंड बांधलेली, बांधताना तिन्ही कडा मशीनवर कापलेल्या, कधी कव्हरंही काढून टाकलेली, आतल्या पानावर एखाद्या सर्क्युलेटिंग लायब्ररीचा जांभळा शिक्का. वाचायला उत्तम, पण संग्राहक अशा प्रतीला सुट्या अंकाचा भाव देत नाही. इथे छापील भावाचं पुस्तक नाही की स्लॅब नाही, त्यामुळे विकणारा म्हणेल तो भाव आणि घेणाऱ्याची गरज यांच्यातच सगळं ठरतं.

अमेरिकेत मात्र २०२०-२१ मध्ये परत तोच ताप चढला. लोक घरात अडकलेले, हातात थोडा पैसा, आणि प्रत्येक नव्या मार्व्हल सिनेमाच्या अफवेबरोबर कुठल्या तरी दुय्यम पात्राच्या पहिल्या अंकाचा भाव रातोरात उडायचा. अमेझिंग फँटसी क्र. १५, १९६२ चा, स्पायडर-मॅनचा पहिला अंक, सप्टेंबर २०२१ मध्ये ३६ लाख डॉलरला गेला. तो टिकण्यासारखा माल आहे. पण त्याच्या जोडीने नवे अंकही चढले होते आणि २०२२ पासून त्यातले बरेच खाली आले.

आजच्या सट्ट्याचं मुख्य हत्यार आहे प्रमाणात मिळणारं व्हेरिएंट कव्हर, म्हणजे त्याच अंकाला वेगळ्या चित्राचं कव्हर. त्यावर लिहिलेलं असतं एकास पंचवीस, एकास शंभर. म्हणजे दुकानदाराने साध्या कव्हरच्या पंचवीस प्रती मागवल्या तर त्याला ते खास कव्हर एक मागवता येतं. ही खास प्रत पन्नास-साठ डॉलरला विकली जात असेल तर तो मनात म्हणतो, पंचवीसचा खर्च इथूनच निघतोय, मागवून टाकू. त्याचे वाचक असतात आठ. उरलेल्या सतरा प्रती परत जात नाहीत, त्या एकेक डॉलरला काढायच्या मालाच्या खोक्यात जातात, आणि प्रकाशकाच्या आकड्यांत पंचवीस विकल्या म्हणून दिसतात. त्यामुळे एखाद्या नव्या पहिल्या अंकाच्या लाखो प्रती गेल्या अशी बातमी वाचलीत तर आधी त्याला कव्हरं किती होती ते बघा, मग तिसऱ्या-चौथ्या अंकाची ऑर्डर किती आहे ते बघा, खरे वाचक किती ते तिथे कळतं. आणि भाव बघायचा झाला तर ईबेवर मागितलेला नाही, विकून झालेल्या मालाचा बघायचा, ती यादी वेगळी निघते.